आचाऱ्यांनी आचार्यांना वाढलं

माझ्या कीबोर्डवरचा काना पुसला गेलाय. इंग्रजी 'ई'चं जे बटण असतं, त्याच्या खालच्या कोपऱ्यात तो छापलेला होता. आधी फिका झाला, मग वरचं टोक गेलं आणि यंदा गणपतीच्या सुमारास उरलेली दांडीही गेली. वरचा 'ई' त्याच्या आधीच गेला होता. इंग्रजीत सगळ्यांत जास्त येणारं अक्षर ते, आणि आपल्याकडे कान्यावाचून पान हलत नाही. 'दिवाळीचा फराळ' एवढं लिहायलाच तीन काने लागतात. दोन-दोन भाषा हात धुऊन एकाच बटणाच्या मागे लागल्यावर त्याचं दुसरं काय होणार!

मी अक्षरजुळणी करते. पुण्यात नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, प्रबंध, कुणाच्या एकसष्टीची स्मरणिका, येईल ते. इतकी वर्षं संगणकापुढे बसते म्हटल्यावर त्यातलं हिला सगळं कळतं, असा नातेवाइकांचा पक्का समज आहे. 'ताई, माउस कुठला घेऊ?' 'वहिनी, पीडीएफ लहान करायची साइट सांगा ना.' सांगते मी. पण माझं माप एकच आहे: एक दिवाळी अंक. जूनच्या शेवटी मजकूर यायला लागतो तो नवरात्रापर्यंत. दोनशे पानं, तीन-तीन प्रुफं, आणि शेवटच्या आठवड्यात संपादकांना सुचलेले बदल. एवढं होईस्तोवर जी वस्तू रडली नाही ती चांगली. विकणाऱ्यांच्या साइटवर लोक 'पॅकिंग उत्तम, वेळेच्या आधी मिळालं' असं लिहून पाच तारे देऊन मोकळे होतात. अहो, पण वस्तू?

आमच्या घरात या विषयातला दुसरा जाणकार म्हणजे माझा भाचा. तो जर्मनीत असतो, श्टुटगार्टला. त्याचा पगार किती ते त्याच्या आईला माहीत नाही, पण कीबोर्ड किती ते मला माहीत आहे. सात. त्यानेच मला मेकॅनिकल बटणांची दीक्षा दिली. साध्या कीबोर्डमध्ये बटणाखाली रबराचा घुमट असतो. तो पार तळाशी दबला की अक्षर उमटतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र खटका आणि स्प्रिंग. बटण एकूण चार मिलिमीटर खाली जातं, पण अक्षर दोनच्या आसपासच नोंदलं जातं, म्हणजे बोट तळावर आपटायची गरज नाही. चेरी नावाच्या जर्मन कंपनीने १९८०च्या दशकात असे खटके काढले आणि त्यांचे रंग ठरवले. लाल म्हणजे सरळ गुळगुळीत जाणारा, तपकिरी म्हणजे मध्ये हलकासा अडखळणारा, निळा म्हणजे अडखळून वर 'खट्ट' म्हणणारा. आता कुणीही खटके बनवो, रंगांची भाषा तीच.

मी निळ्यांची. एक तर टायपिंग क्लासचा संस्कार. १९९१ साली मी मराठी ३० शब्दांची परीक्षा दिली ती गोदरेजच्या मशिनवर. तिथे अक्षर उमटलं की कानाला कळायचं, कागदाकडे बघावं लागायचं नाही. पुढे छापखान्यात आले तेव्हा तिथे टीव्हीएसचा 'गोल्ड' होता. बँकांच्या नि कचेऱ्यांच्या काउंटरमागे जो खटखट वाजतो तोच. दिसायला ठोकळा, पण हाताला वळण लावणारा. आज काना पुसलेला आहे तो त्याच घराण्यातला, देवनागरी छापलेला. दिवे नाहीत, काही नाही. भाच्याच्या कीबोर्डात एक कोटी साठ लाख रंग आहेत म्हणे. मी त्याला म्हटलं, मला दिवाळी हवी ती अंकात, बोटांखाली नको.

पण खरी मेख रंगांत नाही, आवाजातही नाही. ती शिफ्टच्या बटणात आहे, आणि हे मला कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळालं नाही, कारण ती सगळी इंग्रजी लिहिणाऱ्यांनी इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी केलेली असतात.

मी इनस्क्रिप्टने लिहिते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली ही मांडणी ठरवली. ज्याने केली त्याला दाद द्यावी अशी ती आहे. स्वर बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. गुजराती घ्या, बंगाली घ्या, कन्नड घ्या, 'क' त्याच बटणावर. आणि शिफ्ट म्हणजे काय, तर 'ह'कार. क दाबा, शिफ्टसकट दाबा की ख. ग-घ, त-थ, द-ध, ब-भ, सगळ्या जोड्या एकेका बटणावर. डाव्या बाजूला मात्रा साधी, शिफ्टबरोबर पूर्ण स्वर. काना साधा, शिफ्टबरोबर आ. शाळेत पाटीवर वर्णमाला शिकलेल्या माणसाला दोन दिवसांत कळते, आठवडाभरात बोटांत बसते. तरी लोक रोमन लिपीत 'मी जाणार आहे' लिहून त्याचं मराठी होण्याची वाट बघतात. बघोत बापडे. मीही २०१२ पर्यंत जुन्या टाइपरायटरच्या मांडणीला चिकटून होते, त्यामुळे फार बोलायचा हक्क मला नाही.

'मराठी' हा शब्दच घ्या. म, र, काना ही तीन बटणं सुटी, मग शिफ्ट धरून ठ, मग ती सोडून वेलांटी. ठ उजव्या हाताच्या करंगळीचा, म्हणून शिफ्ट डाव्या हाताच्या करंगळीची. ख-घ-भ अशी 'ह'कार मिसळलेली महाप्राण व्यंजनं उजवीकडे असल्यामुळे त्यांचा सगळा भार डाव्या करंगळीवर येतो. ळ हवा, शिफ्ट. श हवा, शिफ्ट. 'शाळा' लिहायला दोनदा. दिवसभरात हजारो वेळा.

आता भाच्याची गंमत. एका दिवाळीला त्याने मला तिकडून एक महागडा कीबोर्ड आणला. ॲल्युमिनियमचं अंग, वजन पोळपाटाएवढं. युरोपातल्या मांडणीत डावी शिफ्ट आखूड असते आणि तिच्या शेजारी एक जास्तीचं बटण असतं, हे ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या. माझी करंगळी सवयीने जायची तिथे, आणि शिफ्टऐवजी लागायचं ते भलतंच बटण. पहिल्या दिवशी एका कथेची चार पानं केली. कथेतल्या सुनेने सासऱ्याला बात वाढला होता आणि म्हातारा गरात बसून दुदाची वाट बघत होता. मधूनमधून पेरलेली चिन्हं वेगळीच. महाप्राण सगळे उडाले होते. शिवाय 'डॉक्टर'मधला ॉ इकडे एंटरच्या वर असतो, तो तिकडे खाली ट-ठच्या शेजारी आलेला. कथेत हॉस्पिटल होतं. मी तो कीबोर्ड पुन्हा खोक्यात घातला आणि भाच्याला म्हटलं, 'वस्तू झकास आहे रे, पण तिला मराठी येत नाही.' तो म्हणाला, 'मावशी, कीबोर्डला कुठलीच भाषा येत नसते, तो फक्त बटणाचा नंबर पाठवतो.' खरं आहे. पण शिफ्टच्या शेजारच्या बटणाचा नंबर वेगळाच असतो ना.

इनस्क्रिप्टचीही एक खोड सांगून ठेवते, नाहीतर मी तिची जाहिरात करतेय असं वाटेल. मूळ मांडणीत सगळी बटणं अक्षरांनी भरून गेल्यावर प्रश्नचिन्हाला जागाच उरली नाही. शिफ्ट आणि १ दाबलं की उद्गारचिन्ह नाही, ऍ येतो. अवतरणचिन्हाच्या जागी ठ बसलाय. म्हणजे संवाद लिहायचा, त्यात कुणी प्रश्न विचारला, की भाषा बदला, चिन्ह टाका, परत या. मराठीत प्रश्न विचारायला इंग्रजीत जावं लागतं. नाटकाची संहिता करताना हे फार जाणवतं.

माउसबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच, की हाताला बसला की झालं. डीपीआयचे, म्हणजे माउस इंचभर सरकवला तर तो किती ठिपके मोजतो त्याचे, पंचवीस-तीस हजारांचे आकडे खेळणाऱ्यांसाठी. पण एकदा माझा बिनतारी माउस अडखळायला लागला, पडद्यावरचा बाण बेडकासारखा उड्या मारायचा. सेल बदलले, गादी बदलली, दुकानदाराने 'नवा घ्या' म्हटलं. आठवडाभराने लक्षात आलं की बॅकअपची हार्डडिस्क लावली की तो बिघडतो, काढली की सुधारतो. यूएसबी ३.० मधून माहिती धावते तेव्हा तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास सांडतो, आणि बिनतारी माउस तिथेच बोलत असतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपणच काढलेलं आहे. तापकीर गल्लीतून हातभर लांबीची एक्स्टेन्शन वायर आणली, माउसचं बोंडुक, म्हणजे संगणकात खोचायचा तो चिमुकला रिसीव्हर, डिस्कपासून लांब नेऊन टेबलाच्या कडेला चिकटवलं, आजार गेला. हजाराचा नवा माउस वाचला. तेव्हापासून कुणी 'माउस खराब झालाय' म्हटलं की मी आधी विचारते, शेजारी कोण बसलंय.

आणि हो, यूपीएस. त्याची परीक्षणं कुणी आवडीने वाचत नाही, पण पहिल्या पावसात सगळ्यांना आठवतो तोच. साधा ६०० व्हीएचा घेतला तर आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी असते. एवढ्यात संगणक दहा-पंधरा मिनिटं चालला तरी पुष्कळ, पान सेव्ह करायला मिनिट लागतं. ती दोन-तीन वर्षांत मरते, आणि मेलेली आहे हे वीज जाईपर्यंत कळत नाही. मी दर गुढीपाडव्याला मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद करून बघते. एका वर्षी बघायचं राहिलं आणि जूनमध्ये एका लेखिकेच्या आत्मकथनातलं बाराव्या प्रकरणातलं लग्न गेलं. पुन्हा लावलं, तेव्हा तिने त्यात बदल केले.

आता ऑनलाइन साधनं. इथे माझ्याकडे तारे-बिरे नाहीत, एक वाक्य आहे: 'आचाऱ्यांनी आचार्यांना वाढलं.'

हे वाक्य मी प्रत्येक नव्या साधनाच्या तोंडावर फेकते. फॉन्ट बदलून देणारं असो, छायाचित्रातला मजकूर ओळखणारं असो, बोललेलं लिहून देणारं असो. पहिला तो स्वयंपाकी, त्याचा र अर्धा, चंद्रकोरीसारखा आडवा, यच्या आधी. दुसरा तो विद्वान, त्याचा रफार यच्या डोक्यावर. मराठी माणूस उच्चारतो तेव्हा फरक स्पष्ट असतो, दऱ्या आणि दर्या यांच्यात असतो तसा. हिंदीला त्या पहिल्या र्‍यची गरजच नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेलं साधन इथे हमखास घसरतं. माझ्या वाक्यात मग आचार्यच आचार्यांना वाढतात आणि स्वयंपाकघर ओस पडतं.

याच्या पोटात आणखी एक भानगड आहे, ती मला फार उशिरा कळली. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हा र लिहायच्या एकाहून जास्त वाटा आहेत. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ घ्या, पाय मोडा, पुढे य लावा. दुसरी म्हणजे साधा र घ्या, पाय मोडा, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घाला, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, जुळ्या बहिणी. पण शोधायला गेलं की एकीला हाक मारली तर दुसरी ओ देत नाही. मागे एका कादंबरीत 'शेतकऱ्या' हा शब्द सगळीकडे बदलायचा होता. बदलला, सतरा जागी. छापून आल्यावर वाचकाने आणखी नऊ दाखवले. ती नऊ पानं लेखकाने मोबाइलवर लिहून पाठवलेली होती.

जुन्या फॉन्टांचं दुखणं निराळं. श्री-लिपी, शिवाजी, सुरेख, कृतिदेव, प्रत्येकाने आपापला कारभार केला होता. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी तुकडे बसवलेले, त्यामुळे तो फॉन्ट नसला की 'कविता'ची नुसती किचाट अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये आणताना अडचण कुठे येते, तर पहिल्या वेलांटीशी. जुन्या फॉन्टात ती दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी टाकलेली असते, आणि युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर साठवतात. रफाराचं बरोबर उलट. तो तेव्हा अक्षराच्या नंतर ठेवायचे, आता आधी. म्हणजे नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांना उचलून इकडची तिकडे करावी लागतात. आणि 'अस्थिर', 'स्त्रिया' असे शब्द आले की वेलांटीला नक्की किती घरं ओलांडायची हे साध्या साधनाला कळत नाही. 'ॲ'ची तर आणखी वेगळी कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, तोवर ऍ वर भागवावं लागे. आजही कित्येक साधनं 'ॲड'चं 'ऍड' करतात, म्हणून माझ्या वाक्याच्या शेपटीला मी एक 'ॲसिडिटी' जोडून ठेवलीये. आचाऱ्यांनी आचार्यांना वाढलं, ॲसिडिटी झाली.

छापील पानाचा मजकूर करायला मी फार काही करत नाही. मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढते, गुगल ड्राइव्हवर टाकते आणि तो गुगल डॉक्समध्ये उघडते. मजकूर खाली येऊन बसतो. फुकटात इतकं बरं मराठी वाचणारं साधन दहा वर्षांपूर्वी मी स्वप्नातही मागितलं नसतं. टेसरॅक्ट म्हणून दुसरं आहे, तेही फुकट, संगणकावर उतरवून घ्यायचं. ते मुळात एचपीच्या प्रयोगशाळेत जन्मलं, २००५ साली सगळ्यांना खुलं झालं. त्याला मराठी येतं, पण ते बसवायला भाचा लागतो. दोघांनाही जुन्या खिळ्यांच्या छपाईत घ-ध आणि भ-म चा गोंधळ होतो. ख फुटका असला तर 'रव' वाचतात, त्यामुळे 'खाना झाला'चा 'रवाना झाला' होतो. प्रूफ वाचणाऱ्याची नोकरी अजून शाबूत आहे, हे यातलं सुख.

पीडीएफच्या साइटचा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या चुलत सासऱ्यांनी मला अभिमानाने दाखवलं, की त्यांनी जमिनीचा सातबारा, मृत्युपत्राचा मसुदा आणि चौघा भावांची आधार कार्डं एका साइटवर टाकून सगळ्याची मिळून एकच पीडीएफ केली. 'फुकटात गं, पाच मिनिटांत.' मी विचारलं, 'काका, ते कागद गेले कुठे?' ते म्हणाले, 'कुठे म्हणजे? हे काय, माझ्याकडेच आहेत की.'

त्यांना मी एक युक्ती शिकवली, ती कुणालाही जमेल. साइट उघडा, पूर्ण उघडू द्या, मग वायफाय बंद करा. आता एखादं बिनमहत्त्वाचं चित्र देऊन बघा. काम झालं, तर ते तुमच्याच संगणकात झालं. झालं नाही, तर कागद बहुधा कुठल्यातरी परक्या कपाटात जाणार होते. खरा कागद द्यायचा तोही वायफाय बंद असतानाच, आणि ते पान मिटूनच पुन्हा चालू करायचं. फोटो लहान करायला मी स्क्वूश वापरते आणि एखाद्या चित्रावर थोडी कलाकुसर करायची तर फोटोपी. दोन्ही ब्राउझरमध्येच काम करतात, फाइल बाहेर पाठवत नाहीत, आणि या परीक्षेत पास झालेले आहेत. काका आता इतके तयार झालेत की वायफाय बंद करून हवामानाचा अंदाज बघायला जातात आणि मला फोन करतात.

यंदा वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातली मुलगी माझ्याकडे सरावाला येतेय. तिला लिपिकाच्या परीक्षेसाठी मराठी ३० शब्दांचं प्रमाणपत्र हवंय. इनस्क्रिप्ट छान बसतेय तिच्या बोटांत. महाप्राण तर पहिल्याच दिवशी कळले. तिसऱ्या दिवशी ती थांबली, कीबोर्डवर वाकली आणि म्हणाली, 'काकू, काना कुठेय?'

'जिथे काही लिहिलेलं नाही, तिथे.'

दुसऱ्या दिवशी मी अप्पा बळवंत चौकातून अक्षरांच्या स्टिकरचा कागद आणला, चिमट्याने काना नीट सरळ बसवला आणि त्यावर अंगठा दाबून धरला. चौथ्या दिवशी तो तिच्या बोटाला चिकटून वरच्या मजल्यावर गेला.